फरशीच्या पोटातली ऊब

हुपरीला चांदीची नगरी म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील या गावात घराघरांतून पैंजण, वाळे, चाळ, जोडवी घडतात आणि देशाच्या कानाकोपऱ्यांत जातात. तिथला कारागीर मोठा पैंजण झाळत असेल तेव्हा जरा लक्ष देऊन पाहा. सांधा असतो मुगाच्या दाण्याएवढा. पण केवळ सांध्यावर ज्योत धरून भागत नाही. कारागीर ज्योत आजूबाजूला फिरवून आधी बराचसा दागिना तापवून घेतो आणि मगच सांध्याकडे वळतो. असे का? कारण चांदी उष्णता एका जागी टिकू देत नाही. सांध्याला दिलेली उष्णता ती क्षणात दागिनाभर पसरवते, सांधा थंडच राहतो आणि झाळ वितळत नाही. सर्व धातूंमध्ये उष्णतेची सर्वांत चांगली वाहक चांदीच आहे. तांब्याचा नंबर तिच्या मागून लागतो.

आता चांदीच्या अगदी उलट स्वभावाचा एक पदार्थ घेऊ, तो म्हणजे काँक्रीट. चांदीची उष्णतावाहकता सुमारे ४२९ वॉट प्रति मीटर प्रति अंश, तर काँक्रीटची साधारण दीड. म्हणजे जवळजवळ तीनशेपट कमी! काँक्रीटच्या एका टोकाला दिलेली उष्णता दुसऱ्या टोकाला पोचायला तासन्‌तास लागतात. आणि गंमत अशी, की थंड देशांत लाखो लोक आपली घरे याच मंद काँक्रीटमधून उबदार करतात. जमिनीच्या काँक्रीटमध्ये बारीक नळ्या पुरून ठेवतात, त्यांतून कोमट पाणी फिरवतात आणि सारी फरशीच एक मोठी, सौम्य शेगडी बनते. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत मुले अनवाणी जमिनीवर बसून खेळत असतात.

चांदीचा दागिना कुठेही तापवा, उष्णता आपली आपण पसरते. काँक्रीटमध्ये तसे होत नाही. तिथे उष्णता पसरवण्याचे काम नळीच्या मांडणीने करावे लागते. नळी किती खोल, दोन वळणांत किती अंतर, खाली काय अंथरले आहे, हे सारे काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरले पाहिजे. कारण दागिना बिघडला तर मुशीत टाकून पुन्हा वितळवता येतो. काँक्रीटला ती सोय नाही.

जमीन तापवण्याची कल्पना मात्र काँक्रीटपेक्षा फार जुनी आहे. रोमन लोक आपल्या स्नानगृहांची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उभारत आणि खालच्या पोकळीतून भट्टीचा गरम धूर खेळवत. काश्मीरमध्ये आजही मशिदींत आणि काही घरांत हमाम असतो. दगडी फरशीखाली लाकडे पेटवतात, त्यावर तांब्याच्या हंड्यात पाणी तापते आणि तीच आग फरशीलाही ऊब देते. कोरियातील ओंडोल तर घरोघरचा. स्वयंपाकघरातील चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी बोळांतून पलीकडच्या धुराड्यापर्यंत जाई आणि चुलीवर भात शिजता शिजता झोपायची खोली ऊबदार होई. एका आगीत दोन कामे!

पण धुरात धोका होता. कोरियात लाकडाच्या जागी दगडी कोळशाच्या विटा आल्या, तेव्हा त्यांच्या अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू लागला. त्याला ना रंग, ना वास. फरशीला एखादी बारीक भेग असली तरी तो वायू झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक वर्षे तिथे दर हिवाळ्यात अशी माणसे दगावत. पुढे फरशीखालचा धूर गेला आणि नळीतले गरम पाणी आले, तेव्हा आग बाहेर राहिली आणि ऊब तेवढी आत आली.

आता एका खोलीचा हिशेब करू. वही-पेन्सिल घ्या, कठीण नाही.

खोली ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब. म्हणजे १२ चौरस मीटर. हवा २० अंश सेल्सियसला ठेवायची आहे. फरशी २७ अंशांवर असली, तर दर चौरस मीटरमागे ती सुमारे ७५ वॉट उष्णता खोलीला देते, म्हणजे एका जुन्या दिव्याइतकी. बारा चौरस मीटरचे झाले ९०० वॉट. फरशी याहून पुष्कळ तापवता येईल. पण माणसाच्या पायाला ते सोसत नाही. म्हणून राहत्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. २७ अंश म्हणजे हाताला ‘गरम’ असे वाटतच नाही. नुसती थंड लागत नाही, इतकेच. तरीही खोली ऊबदार होते, कारण शेगडी लहान आणि तापट नसून खोलीएवढी मोठी आणि शांत आहे. ही उष्णता निम्म्याहून अधिक प्रारणाने येते. हिवाळ्यात कोवळ्या उन्हात बसल्यावर हवा थंड असूनही अंगाला ऊब लागते ना, त्याच वाटेने.

वळणांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर या खोलीत ८० मीटर नळी लागते. बोटाएवढ्या, १६ मिलिमीटर जाडीच्या नळीत आतली पोकळी १२ मिलिमीटरची धरली, तर साऱ्या ८० मीटरमध्ये मिळून पाणी मावते अवघे ९ लिटर. एका कळशीभर पाण्यावर खोली ऊबदार! पाणी आत शिरताना आणि बाहेर येताना त्याच्या तापमानात ५ अंशांचा फरक पडू दिला, तर मिनिटाला सुमारे अडीच लिटर पाणी फिरवले की काम भागते.

पाणी किती गरम हवे? इथे नळीच्या जागेचा प्रश्न येतो. फरशीच्या पृष्ठभागापासून सुरुवात करून खाली नळीकडे जाऊ. पृष्ठभाग २७ अंश. दर चौरस मीटरमधून ७५ वॉट उष्णता वर जायची, तर काँक्रीटच्या दर सेंटिमीटर जाडीमागे अर्धा अंश खर्ची पडतो. नळी ५ सेंटिमीटर खोल असेल तर अडीच अंश झाले. नळीच्या आसपास उष्णतेची दाटी होते, जत्रेत देवळाच्या दाराशी होते तशी. तिच्यापायी आणखी सव्वा-दीड अंश. नळीच्या भिंतीतून बाहेर पडताना तेवढाच. एकूण झाले सुमारे ३२ ते ३३ अंश. म्हणजे त्या नळीतले पाणी तुमच्या-आमच्या रक्ताहूनही थंड असले तरी चालते! फरशीवर लादी किंवा लाकूड बसवले, की त्यात थोडी भर पडते.

आता नळी ५ ऐवजी १० सेंटिमीटर खोल गेली तर? पाणी आणखी अडीच अंश गरम हवे. आणि वळणांतले अंतर ३० सेंटिमीटर केले तर? नळी निम्मी लागेल, खर्च वाचेल. पण दर मीटर नळीवर भार दुप्पट होईल आणि पाणी चारेक अंश अधिक तापवावे लागेल. शिवाय फरशीवर पट्टे उमटतील. नळीवर पाय पडला की ऊब, दोन नळ्यांच्या मध्ये पडला की गारवा. हीच फरशी चांदीची असती, तर नळ्या कितीही दूर टाकल्या तरी असे पट्टे उमटले नसते. पण चांदीची फरशी घालायला हुपरीतसुद्धा कोणी तयार होणार नाही.

दोन-चार अंशांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. छपरावरच्या सौर बंबातून येणारे पाणी किंवा उष्मा-पंपाने तापवलेले पाणी वापरायचे असेल, तर पुष्कळच बिघडते. पाणी जितके जास्त तापवावे, तितकी या यंत्रांची कार्यक्षमता घटते. एकदा चुकीच्या खोलीवर पुरलेली नळी त्या घराला पुढची पन्नास वर्षे जास्तीचे इंधन जाळायला लावते.

स्लॅबच्या दिवशी नेमकी हीच चूक सर्वांत सोपी असते. सळ्यांची जाळी जमिनीवर पडलेली, तिला नळी बांधलेली. काँक्रीट ओतणारे तिच्यावरून चालणार, घमेली रिकामी होणार. ‘ओतताना जाळी आकड्याने वर उचलून घेऊ’ असे सगळे म्हणतात. पण ओल्या काँक्रीटमध्ये पाय रुतलेले असताना कोण उचलतो? जाळी तळाशीच राहते आणि तिच्याबरोबर नळीही. म्हणून जाळीखाली आधीच कव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे लहान ठोकळे, ठेवायचे. आपल्याकडे घराच्या स्लॅबमध्ये सळी वर राहावी म्हणून गवंडी तेच करतात. फार वर आणूनही चालत नाही. वरून निदान चार-पाच सेंटिमीटर आवरण हवे, नाहीतर पुढे कोणी दाराचा अडसर बसवायला भोक पाडेल आणि त्यातून कारंजे उडेल.

नळीचा मार्गही विचाराने आखावा लागतो. एका बाजूने सुरू करून नागमोडी नेली, तर पहिल्या वळणात गरम पाणी आणि शेवटच्या वळणात निवलेले. खोलीचे एक टोक ऊबदार, दुसरे गार. त्याऐवजी चकलीसारखे वेटोळे घालतात, पण दुहेरी. आत जाणाऱ्या गरम नळीच्या शेजारी परत येणारी निवळ नळी. दोघींची सरासरी सगळीकडे सारखीच पडते. खिडकीजवळ किंवा बाहेरच्या भिंतीलगत वळणे मुद्दाम दाट घालतात, कारण उष्णता तिथूनच अधिक पळते.

उष्णता खालीही पळते. काँक्रीटला वर-खाली कळत नाही. जिकडे थंड, तिकडे उष्णता जाणार. म्हणून स्लॅबच्या खाली पॉलिस्टिरीनच्या फेसाचे तक्ते अंथरतात आणि चारही कडांना उभे लावतात. या फेसाची वाहकता काँक्रीटच्या चाळीसाव्या हिश्श्याएवढी असते. तक्ते विसरले, तर यजमान आपल्या पैशाने अंगणाखालची माती तापवत बसतो. कडेचा तक्ता विसरणे तर फारच सोपे असते. तो दिसत नाही आणि त्याच्या नसण्याची पावती दर हिवाळ्यात येते.

नळी कशाची असावी, यावर मात्र इतिहासाने महागडा धडा दिला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही वसाहत १९४७ पासून उभी राहिली. १९५१ पर्यंत तिथे सतरा हजारांहून अधिक घरे झाली. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वस्तात घर मिळावे, ही त्यामागची कल्पना. घरांना तळघर नव्हते. काँक्रीटचा स्लॅब आणि त्यात तांब्याच्या नळ्या. तांबे उत्तम वाहक, वळवायला सोपे. पण पुढच्या काही दशकांत बऱ्याच घरांत नळ्या गळू लागल्या. काँक्रीट थोडे खचते, भेगाळते. त्यात घट्ट धरलेली धातूची नळी ताण सोसत नाही. ओल आणि क्षारांनी धातू खातही जातो. गळती कुठे आहे हे शोधायचे तर फरशी फोडायची. कित्येकांनी पुरलेल्या नळ्या तशाच सोडून दिल्या आणि भिंतीलगत नवी साधने बसवली.

यावर उपाय आला तो वाहकतेत तांब्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पदार्थातून. साध्या पॉलिथिलीनच्या लांब रेणूंना एकमेकांशी आडवे जोडून टाकले, तर ते उष्णतेत मऊ पडत नाही आणि वर्षानुवर्षे दाब सोसते. जर्मन संशोधक थॉमस एंगेल यांनी १९६० च्या दशकात अशा नळ्या बनवण्याची रीत काढली. या प्लॅस्टिकची वाहकता जेमतेम ०.४. तांब्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी! मग त्यातून उष्णता बाहेर येणार कशी? आपण मघाशीच हिशेब केला. नळीची भिंत फक्त दोन मिलिमीटरची आणि नळी ८० मीटर लांब; सारा तोटा सव्वा अंशाचा. खरी अडचण नळीत नसून काँक्रीटमध्ये आहे, तेव्हा नळी चांदीची केली तरी फार तर तो सव्वा अंश वाचेल.

इथे एक शंका चौकस वाचकाला येईल. तापल्यावर प्लॅस्टिक काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. दहा मीटर मोकळी नळी २५ अंशांनी तापली तर चार-पाच सेंटिमीटर वाढते. तेवढेच काँक्रीट फक्त अडीच-तीन मिलिमीटर. मग नळी काँक्रीट फोडत का नाही? कारण ती मऊ आहे. काँक्रीट तिला वाढूच देत नाही आणि तो ताण ती मुकाट्याने आपल्या भिंतीत जिरवते. धातूची ताठ नळी हे करू शकत नाही. मात्र स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेला सांधा असेल, तर तो दोन्ही बाजूंना थोडा हलतो. तिथे नळीवर दुसऱ्या मोठ्या नळीची बाही चढवतात. आणखी एक उणीव म्हणजे प्लॅस्टिकच्या भिंतीतून हवेतला प्राणवायू हळूहळू पाण्यात झिरपतो आणि पंपाचे लोखंड गंजवतो. म्हणून नळीवर प्राणवायू अडवणारा एक पातळ थर देतात.

पुरलेल्या भागात जोड अजिबात ठेवत नाहीत. ८० मीटर म्हणजे ८० मीटर अखंड. दोन्ही टोके भिंतीतल्या एका पेटीत आणायची. मग काँक्रीटपूर्वी नळीत दाब भरून मापक लावायचा, सामान्यतः वातावरणाच्या सहा-सात पट. काटा खाली आला की कुठेतरी छिद्र आहे. आणि हा दाब काँक्रीट ओतत असतानाही तसाच ठेवायचा. कोणाच्या फावड्याचा घाव लागलाच, तर काटा तत्क्षणी पडतो आणि ओले काँक्रीट बाजूला करून दुरुस्ती करता येते. दुसऱ्या दिवशी कळले तर छिन्नी-हातोडा. टेप शेजारी ठेवून सगळ्या नळ्यांची छायाचित्रेही आधीच काढून ठेवतात.

काँक्रीट ओतले म्हणजे लगेच गरम पाणी सोडायचे नाही. सिमेंटवर पाणी मारून ते नीट पिकू द्यायचे. युरोपातील पद्धतीप्रमाणे नळ्यांवरच्या सिमेंटच्या थराला २१ दिवस देतात, मग तीन दिवस २५ अंशांचे पाणी आणि नंतर हळूहळू पुढे. घाई केली तर कच्चे काँक्रीट असमान वाळून तडकते.

अशा फरशीचा स्वभाव हत्तीसारखा असतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर म्हणजे २४० किलो काँक्रीट. १०० वॉट उष्णता देत राहिलो आणि जराही वाया गेली नाही, तरी ते ५ अंशांनी तापायला जवळजवळ तीन तास लागतात. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून पाच वाजता पंप सुरू करून उपयोग नाही. पण वीज गेली तर तीच फरशी रात्रभर ऊब सोडत राहते.

आता तुम्ही विचाराल, हुपरीच्या मुलांना याचा काय उपयोग? तिथली थंडी एका घोंगडीने भागते. खरे आहे. पण त्याच नळ्यांतून गार पाणी फिरवले तर? हैदराबादला इन्फोसिस कंपनीने २०११ मध्ये एक इमारत वापरात आणली. तिचे दोन सारखे भाग. एका भागात उत्तम प्रतीची नेहमीची वातानुकूलन यंत्रणा, दुसऱ्यात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून गार पाणी. दोन वर्षांच्या मोजणीत नळ्यांच्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. हवेपेक्षा पाणी उष्णता फारच कमी जागेत वाहून नेते, हे त्याचे एक मोठे कारण.

मग आपल्याकडे घरोघरी हे का करू नये? याचे उत्तर आषाढातल्या फरशीपाशी आहे. पावसाळ्यात शहाबादी फरशीला घाम फुटलेला तुम्ही पाहिला असेल. हवेत बाष्प इतके असते, की २०-२२ अंशांच्या थंड पृष्ठभागावरही त्याचे पाणी होते. फरशीखाली १८ अंशांचे पाणी फिरवले तर खोलीत तळे साचायचे. म्हणून हैदराबादच्या इमारतीत आत येणारी हवा आधी कोरडी करून सोडतात. आपल्या साध्या घरात दारे-खिडक्या उघड्या, चुलीवर आमटी उकळते आहे. तिथे कोरडी हवा आणायची कोठून? माझ्या मते उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारींसाठी ही युक्ती चांगली आहे, पण पाऊस सुरू झाला की पंप बंद ठेवावा लागेल.

नळीच्या खोलीचा परिणाम घरीच पाहायचा असेल, तर थंडीच्या दिवसांत हा प्रयोग करा. पत्र्याचे दोन उथळ डबे, साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद, घ्या. दोन्हींत बारीक प्लॅस्टिक नळीची सारखीच वळणे घाला. एकात नळी वरून एक सेंटिमीटरवर, दुसऱ्यात चार सेंटिमीटरवर राहील अशी ठोकळ्यांवर बसवा आणि पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा गिलावा भरा. सिमेंट हाताला खाते, तेव्हा हातमोजे घाला आणि मोठ्या माणसाला बरोबर घ्या. आठवडाभर पाणी मारा. मग पहाटे, घरातले खोबरेल तेल गोठलेले असेल तेव्हा, दोन्ही लाद्यांवर त्याचे वाटाण्याएवढे ठिपके ओळीने मांडा. स्टुलावर ४५ अंशांच्या पाण्याची बादली ठेवून दोन्ही नळ्यांतून पाणी खालच्या बादलीत वाहू द्या. खालचे पाणी पुन्हा तापवून वर ओतत राहा.

खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना वितळते, तेव्हा प्रत्येक ठिपका हा एक लहानसा तापमापकच आहे. कोणत्या लादीवर पहिला ठिपका वितळला, किती मिनिटांनी, तो नळीच्या नेमका वर होता की दोन वळणांच्या मध्ये, हे सारे टिपून ठेवा. पाणी बंद केल्यावर कोणत्या लादीवरचे तेल आधी पुन्हा गोठते तेही पाहा. आणि कडेच्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष करू नका. ते बहुधा सर्वांत शेवटी वितळतील. डब्याभोवती जुने गोणपाट गुंडाळून प्रयोग पुन्हा केला, तर काय बदलते?